दिव्याची खाडी

"असं चालत नाही," मी म्हणालो.

कंपाउंडर उचललेलं पान हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. टेबलाच्या मधोमध पाच पानं उघडी मांडलेली असतात, त्यातलं खिळ्यांचं पान त्याने उचललं होतं.

"काय चालत नाही?"

"पहिल्या फेरीत उघडं पान घ्यायचं नसतं. गठ्ठ्यातलं घ्यायचं."

त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे पाहिलं. वहिनी आपली पानं हातात लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मग कंपाउंडरने ते पान परत खाली ठेवलं, गठ्ठ्यातलं वरचं घेतलं आणि म्हणाला, "बरोबर. विसरलोच की मी."

मला तेव्हाच काहीतरी खटकलं. कंपाउंडरला मी एकोणीस वर्षं ओळखतो. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो, लग्न केलं नाही, बोलायला लागला की थांबत नाही. खेळताना उचललेलं पान त्याने परत ठेवल्याचं मला आठवत नाही. एकदा मास्तरांनी नियमांचं पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवून दाखवलं, तरी त्याचं म्हणणं होतं की छापणाऱ्याची चूक आहे. तो माणूस आज "विसरलोच" म्हणत होता.

पण माझी पाळी आली आणि ते डोक्यातून गेलं. मला दुसरी काळजी होती. मला हा खेळ येत नव्हता.

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आम्ही मास्तरांच्या घरी खेळतो. पटावर समुद्र आहे, त्यात बेटं आहेत. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत बेटाबेटांवरून पूल बांधत जायचं. ज्याचा पूल आधी पोचेल तो जिंकला. पुलासाठी लाकडाच्या छोट्या फळ्या असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या रंगाच्या. फळ्या ठेवायला हातात सारखी पानं लागतात, दोरखंडाची, खिळ्यांची किंवा लाकडाची. तीन फळ्यांच्या पुलाला तीन सारखी पानं. आपल्या पाळीला एकतर पान घ्यायचं, नाहीतर पूल टाकायचा. एवढं मलाही माहीत होतं. यापलीकडचं सगळं हिला माहीत होतं.

ही म्हणजे माझी बायको. चार महिन्यांपूर्वी गेली.

ही शाळेच्या कचेरीत कारकून होती आणि मास्तर त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला खेळायला बोलावलं त्या दिवशी मी कामावरून सरळ गेलो होतो. मी वजनकाटे दुरुस्त करतो. त्या दिवशी भंगारवाल्याचा मोठा काटा खोलून परत बसवला होता, अंग मोडून आलं होतं. मास्तरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. मी बसल्या बसल्या झोपलो. जाग आली तेव्हा खेळ सुरू झाला होता आणि ही माझ्या कानाशी म्हणत होती, "अहो, त्या निळ्या तीन फळ्या उचला आणि इथे ठेवा."

हिच्या बोटांचे सांधे तेव्हापासूनच धरायला लागले होते. त्या बारीक फळ्या हिला उचलता यायच्या नाहीत, उचलल्या तर शेजारच्या चार पडायच्या. माझे हात मात्र शांत. गुंजभर वजन चिमट्याने ठेवायची सवय. मग आम्ही दोघं मिळून एकच खेळाडू झालो. ही सांगायची, मी ठेवायचो. सुरुवातीला मला वाटलं, पुढच्या खेपेला विचारून घेऊ काय आहे ते. पुढच्या खेपेला विचारायची लाज वाटली. वर्षभराने तर विचारणं शक्यच नव्हतं. आणि गरजही नव्हती. ही पानं माझ्यासमोर धरायची, बोट दाखवायची, कधी नुसती भुवई उडवायची. मला कळायचं. कंपाउंडर म्हणायचा, "ताईंनी रिमोट कुठे ठेवलाय ते सांगा, मी सेल काढून घेतो."

ही गेल्यावर तीन महिने मास्तरांनी खेळाचं नाव काढलं नाही. चौथ्या महिन्यात माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "तिघांत मजा येत नाही हो. एकाच्या फळ्या डब्यात राहतात, मधली बेटं रिकामी पडतात." मी हातातला काटा पुसत राहिलो. मग म्हणाले, "कंपाउंडरच्या दुकानात औषधं पोचवायला येतो ना, तो विचारत होता येऊ का म्हणून. मी सांगितलं, जागा रिकामी नाही."

ते ऐकून मी हो म्हटलं. जागा रिकामी नाही असा त्यांनी शब्द दिला होता. आता मी गेलो नाही तर ती रिकामीच होणार होती. घरी आल्यावर दोन दिवस मी आठवत बसलो, ही काय काय करायची आणि काय काय करायची नाही. एकोणीस वर्षं माझ्याच हातांनी ठेवलं होतं सगळं. हातांना येत असेल, असं मी धरून चाललो. काटा खोलताना मी तरी कुठे विचार करतो, आधी कुठला स्क्रू ते?

तर असा मी तिथे बसलो होतो.

त्यांनी चार खुर्च्या मांडल्या होत्या. पूर्वी पाच असायच्या. पाचवी आतल्या खोलीत नेली होती आणि तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले होते. दार उघडं होतं म्हणून दिसलं. वहिनींनी ते माझ्या लक्षात आलेलं पाहिलं आणि उठून दार लोटून घेतलं.

दोन-तीन फेऱ्या बऱ्या गेल्या. मी गठ्ठ्यातूनच पानं घेत होतो. दोरखंडाची तीन जमली. पहिला पूल टाकला, हात जराही हलला नाही. मास्तर म्हणाले, "वा." पूर्वी कुणी पूल टाकल्यावर ते वा म्हणत नसत. पूर्वी ते म्हणत, "याचा तुम्हाला पश्चात्ताप होईल."

असे माझे दोन-तीन पूल झाले आणि मग बऱ्याच फेऱ्यांनी मास्तरांनी पाच फळ्यांचा लांब पूल टाकला. त्यांच्या ढिगात एवढ्याच फळ्या उरल्या होत्या, की आणखी एका पुलात सगळ्या संपून ते किनाऱ्याला लागले असते. मी बघितलं आणि मला हिचं एक ठाम आठवलं.

"मास्तर, शेवटची फळी हातात ठेवायची असते हं. ती टाकायची नाही. म्हणजे तुम्हाला त्या बाजूने पोचता येणार नाही."

मास्तरांनी चष्मा काढला. भूगोलाचा मास्तर आहे हा माणूस. मी हिच्या बाजूने खेळताना 'खाडी' म्हटलं की दरवेळी 'खाडी नव्हे, सामुद्रधुनी' म्हणायचं सोडलं नाही त्यांनी. एकदा एका नियमावरून त्यांनी चहा थंड होऊ दिला होता आणि वहिनींनी तो त्यांच्यासमोर बेसिनमध्ये ओतला होता.

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हो. असू दे तसं."

असू दे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दहा किलोचं वजन ठेवलं आणि काट्याने दहा दाखवलं तर काटा बरोबर आहे, असं कुणालाही वाटेल. मी वर आणखी एक किलो ठेवून बघतो. तरी तो दहाच दाखवत असेल तर तो अडकलेला आहे. अडकलेला काटा कुणालाच नाही म्हणत नाही.

मला आणखी एक किलो ठेवून बघायचं होतं. मी म्हणालो, "कंपाउंडर, तुझा तो पूल मधल्या खाडीतून गेलाय. खाडीत एका फळीला दोन पानं लागतात."

हे मी साफ मनाचं सांगितलं. हिने असं कधीच केलं नव्हतं.

"लागतात का?" कंपाउंडर म्हणाला. "हो, हो. लागतात." आणि हातातली पानं चाचपायला लागला. मास्तर 'सामुद्रधुनी' म्हणाले नाहीत.

मी पानं टेबलावर उपडी ठेवली.

"मला येत नाही हा खेळ," मी म्हणालो.

"अहो, असं काय..." मास्तर म्हणाले.

"कधीच येत नव्हता. आत्ताचं तर मी बनवून सांगितलं. आधीचं खरंच वाटलं होतं मला. तुम्ही तिघं हो हो करताय." माझा आवाज चढला असावा, कारण कंपाउंडरने पेला बाजूला सरकवला. "मी काही आजारी नाही. बायको गेली म्हणून माणसाला चुकीचं खेळू द्यायचं? त्यापेक्षा त्या औषधवाल्याला बोलवा. मी जातो."

मी उठलो. खरं सांगायचं तर दार कुठे आहे तेही मला नीट दिसत नव्हतं.

हे चूक होतं, मला माहीत आहे. मी स्वतः तेच केलं होतं. हिला ठेवलं होतं त्या वॉर्डात दर सोमवारी वजन करायचे. तिथला काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवायचा. पहिल्याच सोमवारी माझ्या लक्षात आलं. खिशात पेचकस होता, दोन मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही. हिचं वजन दर आठवड्याला उतरत होतं. म्हटलं, असू देत चारशे ग्रॅम. ही आकडा ऐकून म्हणायची, "बरंय ना?" आणि मी म्हणायचो, "बरंय."

"बसा," वहिनी म्हणाल्या.

मी उभाच.

"बसा म्हणते ना. मानेला रग लागते वर बघून." मी बसलो. त्या म्हणाल्या, "नाही तो नियम. पहिल्या फेरीत उघडं पान घेता येतं. खुशाल घेता येतं. तुमची बायको घेत नव्हती."

"का?"

"डोकं होतं म्हणून. मला एकदा सांगितलं होतं तिने, शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा. म्हणे, पहिल्या फेरीत सगळ्यांना हवं ते उचलू द्यायचं. कोण काय उचलतं त्यावरून कोण कुठून निघालंय ते कळतं. मग आपण ठरवायचं."

कंपाउंडरने टेबलावर हात आपटला. "बघा! बघा! मी म्हणत नव्हतो, ताईंना माझा रस्ता आधीच कळतो म्हणून? एकोणीस वर्षं मी माझ्या पाठीमागे आरसा आहे का ते शोधतोय!"

"तुझा रस्ता कळायला आरसा कशाला लागतो?" मास्तर म्हणाले. "खिळे दिसले की हात जातो तुझा."

"आणि शेवटची फळी?" मी विचारलं.

मास्तर म्हणाले, "त्याचं कारण मला माहीत नाही. मी दोनदा विचारलं. हसल्या नुसत्या. त्या एका फळीपायी तुम्ही सात वेळा हरलात. मी सातही वेळा सांगितलं की टाका, टाकता येते. तुम्हाला आठवत नाही?"

मला आठवत होतं. मला वाटायचं मास्तर फसवताहेत. खेळात फसवतात तसं. आणि ही माझ्याकडे बघून भुवई उडवायची, नाही म्हणून.

घरात मात्र हिचं तसंच होतं. एक काडेपेटी न उघडलेली, एक साबण न उघडलेला, एक चादर कधीच न वापरलेली. हाताशी एक असावं म्हणायची. कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. फळीचं कारण तेच असेल किंवा नसेलही. आता कुणाला विचारणार?

"म्हणजे मी जे नियम समजत होतो," मी म्हणालो, "ते सगळं हिचं हिचं होतं."

मग मला हसू आलं. बरं वाटण्याचं नव्हे, आपण किती गाढव आहोत ते कळल्यावर येतं तसं. कंपाउंडर पण हसला. त्याचं बघून मास्तर. वहिनी उठून टोस्टचा डबा घेऊन आल्या. मला वाटलं आता सोपं झालं. मला एकेक विचारून घेता येईल.

"आणि तो दिव्याच्या खाडीचा?" मी विचारलं.

"सामुद्रधुनी," मास्तर म्हणाले.

पटाच्या वरच्या अंगाला एक अरुंद जागा आहे. शेजारी दीपस्तंभाचं चित्र आहे म्हणून आम्ही तिला दिव्याची खाडी म्हणतो. तिच्यातून एकच पूल जातो. ज्याने आधी टाकला त्याची वाट मोकळी, बाकीच्यांनी लांबून वळसा घालायचा. वहिनी नेहमी तिथूनच जातात. आमच्यात सगळ्यात जास्त वेळा त्या जिंकतात. कंपाउंडर तिला वहिनींची खाडीच म्हणतो.

"त्याचं काय?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी तिकडून येत असतील तर तिथे पूल टाकायचा नाही, हे. हा तरी खरा नियम आहे का?"

टोस्ट तोंडाशी नेता नेता कंपाउंडरचा हात थांबला. मी बोलून गेल्यावर मला कळलं, की हे बोलायला नको होतं. पण तोंडातून निघालं होतं.

"असा नियम कोणी सांगितला तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या.

"हिनेच."

"कधी?"

मी आठवलं. आठवायला वेळ लागला नाही, कारण तो एकच नियम हिने रस्त्यात सांगितला होता, खेळताना नाही. "बारा वर्षं झाली असतील. आम्ही खाडीत पूल टाकला आणि तुम्ही हरलात. तुम्ही उठून आत गेलात. आत नळ सुरू होता बराच वेळ. त्या आठवड्यात तुमच्या थोरल्या ताई गेल्या होत्या ना, तो शनिवार. घरी जाताना ही म्हणाली, वहिनींच्या वाटेत तिथे पुन्हा टाकायचं नाही हं. मला वाटलं, तसं पुस्तकात असेल आणि आमचं चुकलं असेल. म्हणूनच तुम्ही रागावून आत गेलात, असं वाटलं मला."

मास्तर बायकोकडे बघत होते. त्यांना हे माहीत नव्हतं, ते दिसत होतं. ना बहीण गेली त्या आठवड्यात नळ सुरू होता ते, ना पुढचं.

वहिनींचा चेहरा आधी मऊ झाला. मला वाटलं त्या रडणार. त्यांनी डबा बंद केला. मग झाकण परत उघडलं आणि परत दाबून बंद केलं.

"बारा वर्षं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"बारा वर्षं ती मला सोडत होती?"

"सोडत म्हणजे..."

"एक शनिवार ठीक होतं हो. दोन शनिवार. महिनाभर सोडलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. बारा वर्षं? मला वाटत होतं मी जिंकतेय! गावाला सांगितलंय मी! माझ्या भाचीला फोनवर सांगते दर रविवारी, काल मी दिव्याच्या खाडीतून कशी गेले ते!" त्या माझ्याकडे बोट दाखवून बोलत होत्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. "कारकूनबाई! गोड बोलून! समोर बसून! आणि वर म्हणायची, तुमच्यासारखं डोकं नाही हो आम्हाला!"

"असं म्हणायची ही?" मला माहीत नव्हतं.

"दर वेळी!"

कंपाउंडर पुटपुटला, "ताईंनी तर माझा रस्ता चोरला. तुम्हाला निदान दिला." वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो टोस्ट खायला लागला.

मग त्यांनी पटाकडे बघितलं. मी पण बघितलं. त्यांच्या लाल फळ्या दीपस्तंभाच्या बेटापर्यंत आल्या होत्या. खाडी ओलांडली की पलीकडे किनारा. त्यांच्या हातात पानं तयार असणार, पुढच्या पाळीला त्या जिंकणार. आणि माझे निळे पूल, काही कल्पना नसताना टाकलेले, त्याच खाडीच्या बाजूला येऊन थांबले होते. खाडीत आडवा पूल टाकायला तीन फळ्या लागतात. माझ्या हातात लाकडाची तीन पानं होती.

पाळी माझी होती. मघापासून माझीच होती.

"तुमच्याकडे आहेत पानं," वहिनी म्हणाल्या. "तोंडावरून कळतं तुमच्या. तिच्या तोंडावरून कळायचं नाही, तुमच्या कळतं."

"आहेत."

"मग टाका."

"वहिनी, हिने..."

"ती नाहीये." हे त्या एवढं सरळ बोलल्या, की मास्तर दचकले. चार महिन्यांत हे वाक्य मला कुणी असं म्हटलं नव्हतं. सगळे 'त्या होत्या तेव्हा' म्हणायचे, 'झालं ते' म्हणायचे. "ती नाहीये आणि तुम्ही आहात. नियम येत नाहीत तर शिका. पण मला सोडायचं असेल तर तुम्ही जा आणि मीही पट गुंडाळते. मघाशी काय म्हणालात? मी आजारी नाही म्हणालात ना? मीही नाही."

मी पानं उचलली. तीन पानं खाली मांडली. ढिगातून निळ्या तीन फळ्या घेतल्या. त्या घेताना माझा हात कापत होता. पोस्टात, किराणा दुकानात, लहान बाळांच्या काट्यावर, कुठेही कधी कापला नव्हता. आजवर कानाशी कुणीतरी असायचं. इथे ठेवा म्हणायचं. आज कुणी म्हणत नव्हतं. म्हणजे हिचा एकच शब्द होता, तिथे टाकायचं नाही हा, आणि तो मला स्वच्छ ऐकू येत होता.

"टाका हो," कंपाउंडर हळू आवाजात म्हणाला. "पुस्तकात चालतं."

पहिली फळी ठेवली. दुसरी. तिसरी जरा तिरकी बसली, मी बोटाने सरळ केली. खाडी बंद झाली.

सगळे वहिनींकडे बघत होते. मीही बघत होतो. वाटलं, त्या म्हणतील, छान. म्हणतील, शाब्बास, जमतंय तुम्हाला. तसं काही झालं असतं तर मी खरंच उठून गेलो असतो.

वहिनी पटाकडे बघत होत्या. त्यांची नजर खाडीवरून मागे गेली, त्यांच्या सगळ्या लाल पुलांवरून, पार पहिल्या किनाऱ्यापर्यंत. अकरा फळ्यांचं काम वाया गेलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अहो, पण आत्ताच?" त्या म्हणाल्या. "एक पाळी थांबता येत नव्हतं?"

"तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणाले म्हणून लगेच? काय माणूस आहात हो तुम्ही! एवढी रांग लावली होती मी! एवढी! आणि तुमचा तो पूल जातोय तरी कुठे? त्याच्यापुढे तुम्हाला बेटच नाही! स्वतः पोचायचं नाही आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही!"

खरंच पुढे मला बेट नव्हतं. ते मी बघितलंच नव्हतं.

"तुम्हाला साधं वाचता येत नाही का पट? एकोणीस वर्षं बसलात काय करत इथे? आणि दात काय काढताय? माझ्याकडे बघून दात काढू नका!"

मी दात काढत होतो हे मला माहीत नव्हतं. चार महिन्यांत माझ्यावर कुणी चिडलं नव्हतं. गिऱ्हाईकं काटा उशिरा दिला तरी चालेल म्हणत होती. शेजारी जिन्यात मला आधी वाट देत होते. मुलगी फोनवर आवाज बारीक करून बोलायची, तिचा आवाज मुळात केवढा मोठा आहे. आणि इथे एक बाई टोस्टचा डबा छातीशी धरून मला बोलत होती, पोटातून, खरंखुरं. कंपाउंडरने एक टोस्ट मागितला तर त्याला दोन दिले. माझ्यापुढून डबा तसाच नेला.

तो डाव मास्तर जिंकले. सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे असताना त्यांनी खालच्या अंगाने गुपचूप शेवटचा पूल टाकला होता. शेवटची फळीसुद्धा टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पुस्तकात चालतं." मी सगळ्यात मागे राहिलो. पुढून नाही, मागून पहिला. कंपाउंडर म्हणाला, एवढ्या मागे आजवर कुणी राहिलेलं नाही, याची नोंद करून ठेवायला हवी. मास्तरांनी खरंच पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं.

साडेसात झाले होते. आणखी एक डाव होण्यासारखा होता. मी फळ्या रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या. वहिनी पानं पिसत होत्या, नेहमीपेक्षा जोरात, माझ्याकडे न बघता. मास्तरांना वाटली, कंपाउंडरला वाटली, मला वाटली ती टेबलावर टाकल्यासारखी. त्यातलं एक घरंगळून माझ्या पायाशी पडलं.

मी ते उचलायला टेबलाखाली वाकलो. खाली तिघांचे पाय दिसत होते. मास्तरांचे मोजे, कंपाउंडरची झिजलेली चप्पल, वहिनींची टाच, रागाने फरशीवर आपटत असलेली. पान सापडलं, पण मला लगेच वर येता येईना. तोंड ओलं झालं होतं, ते बाहीला पुसायला वेळ लागला. कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही, कुणी खुर्ची सरकवली नाही.

मग वहिनींचा आवाज आला.

"काटेवाले, झोपलात का खाली? तुमची पाळी आहे."